कुणी मुद्दाम अंगावर गाडी घातली तर भरपाई कशी मागायची

साधा अपघात झाला की काय करायचं ते आता बऱ्यापैकी सगळ्यांना माहीत झालंय, एफआयआर, हॉस्पिटल, क्लेम, वकील. पण पार्किंगवरून भांडण झालं आणि समोरच्याने रागात रिव्हर्स घेऊन पायावरच गाडी घातली, किंवा शेताच्या बांधावरून जुनं वैर होतं आणि ट्रॅक्टर अंगावर आणला, किंवा हायवेला कट मारला म्हणून जाब विचारायला उतरलेल्या माणसाला उडवून निघून गेले, तर तिथे सगळे एकच सांगतात, की बाबा हा काही अपघात नाही, हा गुन्हा आहे, इन्शुरन्सवाला एक रुपया देणार नाही, तू आपली पोलीस केस लढ. हे अर्धसत्य आहे आणि त्या नादात लोक महिनेच्या महिने घालवतात. मी क्लेमची कागदपत्रं लावायचं काम बघतो, वकील नाही, त्यामुळे कोर्टात काय युक्तिवाद करायचा ते वकिलाला ठरवू द्या, पण कुठे जायचं, काय गोळा करायचं आणि कुठे सही करायची नाही एवढं नक्की सांगू शकतो.

आधी उपचार. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची कॅशलेस योजना आहे, माणशी दीड लाखापर्यंत, अपघाताच्या तारखेपासून सात दिवस. पॉलिसी बघत नाहीत, चूक कुणाची ते बघत नाहीत, फक्त योजनेतलं हॉस्पिटल लागतं आणि पोलिसांकडून अपघाताची खात्री व्हावी लागते. ११२ ला फोन केला की ॲम्ब्युलन्स आणि पोलीस दोन्ही एकदम कळवले जातात. आणि केस पेपरवर एमएलसी नोंद झालीच पाहिजे, म्हणजे डॉक्टरने पोलिसांना कळवलेली मेडिको लीगल केस. डॉक्टर विचारतो कसं लागलं, आणि इथेच पहिली गडबड होते, घाबरून किंवा हॉस्पिटलने ॲडमिट करून घ्यावं म्हणून नातेवाईक सांगतात "गाडीवरून घसरून पडला". ते वाक्य केस पेपरवर जन्मभर राहतं आणि पुढे इन्शुरन्स कंपनीचा वकील तेच वाक्य मोठ्याने वाचून दाखवतो. जे झालं तेच सांगा, अमक्या रंगाच्या गाडीने धडक दिली, नंबर माहीत असेल तर नंबर, एवढं पुरे.

आता फिर्याद. हा या सगळ्या प्रकरणाचा कणा आहे म्हणून जरा लांबण लावतो. पोलीस स्टेशनला गेल्यावर दोन टोकाचे सल्ले मिळतात. एकजण म्हणतो साधा अपघात दाखव, म्हणजे इन्शुरन्स लवकर मिळेल. दुसरा म्हणतो हाफ मर्डर लाव, चांगला अडकव त्याला. दोन्ही ऐकू नका. घडलं तसं, क्रमाने सांगा, भांडण कशावरून झालं, तो काय बोलला, गाडी किती लांब होती, थांबायला जागा असताना थांबला का, हॉर्न वाजवला का, धडक दिल्यावर पुन्हा मागे घेऊन परत घातली का, कुणी बघितलं. "मला जिवे मारायच्या उद्देशाने" हे वाक्य तपास अधिकारी स्वतःहून टाकतात किंवा गाळतात, तुमचं काम हकीकत सांगायचं, कलमं लावायचं काम त्यांचं. तरी कलमं माहीत असलेली बरी. नुसता निष्काळजीपणा धरला तर भारतीय न्याय संहितेचं २८१ आणि १२५ लागतं. मुद्दाम दुखापत असेल तर ११५, गंभीर असेल तर ११७, गाडीसारख्या घातक साधनाने केली म्हणून ११८, आणि मारून टाकायचा इरादा दिसत असेल तर १०९. हाड मोडलं, दात पडला, डोळा किंवा कान गेला की ती गंभीर दुखापत, आणि आता १५ दिवस असह्य वेदना राहिल्या किंवा रोजची कामं करता आली नाहीत तरी गंभीरच धरतात, आधी हेच २० दिवस होते. डिस्चार्ज कार्डावर "किती दिवस विश्रांती" ते लिहून घ्या म्हणतात ते यासाठीच.

हद्दीचं कारण सांगून परत पाठवत असतील तर झिरो एफआयआरचा नियम आता थेट कायद्यातच आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३, कुठल्याही ठाण्यात फिर्याद घ्यावी लागते. ऑनलाइन कळवलं असेल तर तीन दिवसात जाऊन सही करायची. तरी घेतच नसतील तर लेखी अर्ज पोस्टाने एसपी किंवा कमिशनरला, आणि त्यानेही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. एफआयआरची कॉपी फिर्यादीला फुकट मिळते, ती न घेता घरी येऊ नका. नव्वद दिवसात तपास कुठवर आला ते कळवणंही पोलिसांवर बंधनकारक आहे, विचारायला लाजू नका.

पुरावा पहिल्याच आठवड्यात गोळा करा. दुकानाच्या, सोसायटीच्या, पेट्रोल पंपाच्या सीसीटीव्हीवर जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं, त्यामुळे दवाखान्यात असाल तर भावाला, मित्राला पाठवा, आणि तपास अधिकाऱ्यालाही लेखी पत्र द्या की अमुक ठिकाणचा कॅमेरा जप्त करा, पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. क्लिप व्हॉट्सॲपवर फिरवून आणलेली असली तर तिचा फार उपयोग नाही, ज्याच्या मशीनमधून काढली त्याचं साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, जे आधी ६५ब म्हणून ओळखायचे. धमकीचे मेसेज, कॉल रेकॉर्डिंग असेल तर तो फोन फॉरमॅट करू नका, विकू नका. फाटलेले रक्ताचे कपडे धुऊन टाकतात लोक, तेही नको. आणि गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकून विम्याची मुदत कधीपर्यंत आहे ते बघा, स्क्रीनशॉट ठेवा, कारण आज दिसणारी माहिती सहा महिन्यांनी तशीच दिसेल याची खात्री नाही.

आता मुख्य प्रश्न, मुद्दाम केलं तर मोटार अपघात दावा प्राधिकरणात, म्हणजे ट्रायब्युनलमध्ये क्लेम चालतो का?

चालू शकतो. मोटार वाहन कायद्यात शब्द आहेत "मोटार वाहनाच्या वापरातून उद्भवलेला अपघात". हे शब्द सुप्रीम कोर्टाने फार सैल हाताने वाचलेत. आपल्याच सातारा जिल्ह्यात १९८७ साली पुणे-बंगळूर हायवेला पेट्रोलचा टँकर ट्रकशी धडकून उलटला, गावातले लोक सांडलेलं पेट्रोल भरायला गेले आणि धडकेनंतर चारेक तासांनी स्फोट झाला, कितीतरी लोक गेले. कंपनी म्हणाली टँकर तर नुसता पडून होता, वापर कुठला? १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हाही वापरच. मग २००० सालचा रीटा देवी निकाल. नागालँडमध्ये दिमापूरला एका रिक्षावाल्याला प्रवाशांनी मारून रिक्षा पळवली. कोर्टाने तिथे फरक केला, मूळ इरादा त्या माणसालाच मारायचा असेल तर तो निव्वळ खून, आणि मूळ इरादा दुसराच, म्हणजे रिक्षा चोरायचा असेल आणि त्यात माणूस मेला, तर त्या माणसाच्या दृष्टीने तो अपघाती खून, आणि भरपाई मिळाली.

कंपन्या हाच निकाल उलटा वापरतात. म्हणतात बघा, इथे मूळ इरादा यालाच मारायचा होता, मग हा अपघात नाही. पण रीटा देवी प्रकरणात गाडीने मारलंच नव्हतं, माणसांनी मारलं होतं, तुमच्या केसमध्ये तर गाडीच हत्यार आहे, वापर आणि जखम यांच्यात दुसरं काही नाही. आणि ज्याला लागलं त्याच्या बाजूने बघितलं तर त्याने काही ते मागून घेतलेलं नव्हतं, त्याच्यासाठी ते अचानकच. हायकोर्टांचे निकाल दोन्हीकडचे आहेत हे खरं, म्हणून हमी कुणी देऊ नये, जो वकील "शंभर टक्के मिळवून देतो" म्हणेल त्याच्यापासून जरा लांबच. पण अर्ज न करणं हा वेडेपणा आहे. दुसरी गोष्ट, थर्ड पार्टीला पैसे नाकारायची जी कारणं कंपनीला कायद्याने दिलीत (कलम १५०) ती मोजकीच आहेत, लायसन नाही, दारू पिऊन चालवत होता, परमिटबाहेरचा वापर, प्रीमियमच पोचला नाही, युद्ध दंगल वगैरे, त्या यादीत "ड्रायव्हरने मुद्दाम केलं" असं काही लिहिलेलं नाही. कंपनीला वाटलं तर आधी तुम्हाला देऊन मग मालकाकडून वसूल करावं, कोर्ट असे आदेश देतात, याला पे अँड रिकव्हर म्हणतात आणि जखमीसाठी तेही चालतं.

यात एक गंमत बघा. क्रिमिनल कोर्टात ड्रायव्हर सांगणार की मुद्दाम नाही, ब्रेक लागला नाही, तो समोर आला, अपघातच होता. आणि ट्रायब्युनलमध्ये त्याच गाडीची कंपनी सांगणार की छे छे, अपघात नाही, मुद्दामच केलंय. दोघांचे जबाब एकमेकांना खातात. म्हणून ड्रायव्हरने पोलिसांपुढे, जामीन अर्जात जे जे म्हटलंय त्याच्या सर्टिफाइड कॉपी काढून ठेवा, त्या तुमच्या वकिलाला हव्याच असतात. आणि क्लेममध्ये वकिलाला दोन्ही लिहायला सांगा, घटना अशी घडली, ड्रायव्हरने जाणूनबुजून गाडी घातली, आणि कोर्टाला इरादा सिद्ध झाला नाही असं वाटलं तरी किमान भरधाव आणि बेदरकार तर होतीच. एकच हकीकत, त्यातून निघणारे दोन निष्कर्ष. खोटं काही नाही त्यात. क्रिमिनल केसचा निकाल लागेपर्यंत थांबायचीही गरज नाही, ट्रायब्युनलमध्ये निःसंशय पुरावा लागत नाही, जास्त शक्य काय वाटतं एवढंच बघतात.

अर्ज मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली. घटना घडली तिथे, तुम्ही राहता किंवा काम करता तिथे, किंवा सामनेवाला राहतो तिथे, कुठेही करता येतो, म्हणजे नाशिकला राहणाऱ्याला कोल्हापुरात लागलं तरी तारखांना नाशिकलाच जाता येतं. सामनेवाले म्हणून ड्रायव्हर, मालक, विमा कंपनी तिघेही घाला. मालक म्हणेल ड्रायव्हरच्या वैराशी माझा काय संबंध, म्हणू द्या, ते कोर्ट बघेल. मुदत सहा महिने आहे, १ एप्रिल २०२२ पासूनची. त्या मुदतीलाच सुप्रीम कोर्टात आव्हान दिलंय आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अंतरिम आदेश झाला की उशीर झाला म्हणून क्लेम फेटाळू नका, त्यामुळे सहा महिने उलटलेल्यांनीही आशा सोडू नये, पण जो अजून मुदतीत आहे त्याने अंतरिम आदेशाच्या भरवशावर झोपू नये.

साध्या अपघातात पोलीस स्वतःच ४८ तासात पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसात सविस्तर अहवाल ट्रायब्युनलला पाठवतात आणि तोच अर्ज धरता येतो. पण आपल्या प्रकारात १०९ किंवा ११८ लागलं की पोलिसांच्या डोक्यात तो अपघात राहतच नाही, फाइल वेगळ्या टेबलावर जाते आणि हे अहवाल कुणी भरतच नाही. लोक वाट बघत बसतात की पोलीस पाठवतील. नका बसू, स्वतःचा अर्ज स्वतः दाखल करा.

कलम १६४ म्हणून एक सोपा मार्ग आहे, चूक सिद्ध न करता ठरलेली रक्कम, मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख. कंपनीने ही ऑफर दिली तर नीट विचार करा, कारण ती घेतली की १६६ चा क्लेम संपतो. कायमचं अपंगत्व असेल तर अडीच लाख किती कमी आहेत ते हिशोबाने बघा. समजा वय ३२, स्वतःचं गॅरेज, महिना कमाई २० हजार. चाळीशीच्या आतल्या स्वतःचा धंदा असलेल्याला भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरतात, म्हणजे २८ हजार, वर्षाचे ३ लाख ३६ हजार. ३१ ते ३५ वयाला गुणक १६, झाले ५३ लाख ७६ हजार. कामाच्या दृष्टीने अपंगत्व ३० टक्के ठरलं तर नुसत्या भविष्यातल्या कमाईचे १६ लाख १२ हजार ८००. वर औषधपाणी, बुडालेले महिने, वेदना, पुढची ऑपरेशनं, सोबतीला लागणारा माणूस, रिक्षाभाडं वेगळं.

यातलं "कामाच्या दृष्टीने" फार महत्त्वाचं. सिव्हिल हॉस्पिटलचं सर्टिफिकेट म्हणेल पायाचं अपंगत्व ४० टक्के, पण बसून हिशोब लिहिणाऱ्याची कमाई तितकी कमी होत नाही आणि हमालाची शंभर टक्के जाऊ शकते. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सुप्रीम कोर्टाने हे सविस्तर समजावलंय. म्हणून नुसतं सर्टिफिकेट लावून भागत नाही, डॉक्टरला साक्षीला आणावं लागतं आणि तुमचं काम नेमकं काय होतं, उभं राहायचं का, वजन उचलायचं का, जिना चढायचा का, हे शपथपत्रात लिहावं लागतं. कमाईला आयटी रिटर्न असेल तर सोन्याहून पिवळं, नसेल तर बँक स्टेटमेंट, जीएसटी, उधारीची वही, मालकाचं पत्र, सातबारा, जे असेल ते.

बिलांचं एक. मेडिक्लेममधून पैसे मिळाले तर ट्रायब्युनल ते कापतं असं अजूनही सांगतात, पण मार्च २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने सांगितलंय की मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा करायची नाही, ती तुमच्या प्रीमियमची कमाई. फक्त मूळ बिलं मेडिक्लेमवाले ठेवून घेतात, म्हणून देण्याआधी पूर्ण सेट झेरॉक्स करून हॉस्पिटलचा शिक्का मारून घ्या.

गाडी सापडलीच नाही तर १६१ ची हिट अँड रन योजना, गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला २ लाख, अर्ज प्रांत किंवा तहसीलदार ऑफिसला, मंजुरी कलेक्टरकडून. रक्कम तुटपुंजी आहे पण सोडू नका.

गाडी सापडली पण विमाच नाही, तर जबाबदारी मालक आणि ड्रायव्हरच्या खिशावर. अशा वेळी जप्त गाडी सोडवायला मालक कोर्टात येतोच, तेव्हाच तुमच्या वकिलाने उभं राहून हरकत घ्यायची की पुरेशी सुरक्षा रक्कम भरल्याशिवाय सोडू नका. हा दिवस चुकला की गाडी विकली जाते आणि मग हातात निकालाचा कागद राहतो.

ट्रायब्युनलशिवाय आणखी दोन दरवाजे आहेत आणि मुद्दाम केलेल्या प्रकारात ते जास्त उघडे आहेत. एक, ज्या कोर्टात आरोपीवर खटला चालतो तेच कोर्ट नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ खाली आरोपीला भरपाई द्यायला लावू शकतं, दंड केला नसला तरी. २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भरपाईचा विचार करणं ही कोर्टाची मर्जी नाही, कर्तव्य आहे. पण सरकारी वकिलाकडे ढीगभर फायली असतात, तो आठवणीने मागेलच असं नाही, म्हणून तुमचा वकील सरकारी वकिलाच्या मदतीला लावून घ्या, कायद्यात तशी सोय आहे, आणि खर्चाचा तक्ता हातात द्या. दोन, कलम ३९६ ची पीडित भरपाई योजना, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, हे ऑफिस जिल्हा कोर्टाच्याच आवारात असतं. आरोपी सापडला नाही, खटलाच उभा राहिला नाही तरी इथे अर्ज करता येतो, चौकशी दोन महिन्यात संपवायची असते, आणि तातडीच्या उपचारासाठी किंवा अंतरिम मदतीसाठीही मागता येतं. वकिलाची फी परवडत नसेल तर इथेच फुकट वकील मिळतो, महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग यांना उत्पन्न न बघता. फोन करायचा तर १५१००. तिन्हीकडे मागा, पण एकीकडे काय मिळालं ते दुसरीकडे लपवू नका, कापलं तर कापू दे, लपवलेलं सापडलं की सगळ्याच अर्जावर शंका येते. आणि तिन्ही ठिकाणी हकीकत शब्दशः तीच असू द्या.

आता मिटवामिटवी. गावातला कुणीतरी मोठा माणूस येणारच, भाऊ जाऊ दे, हॉस्पिटलचं बिल देतो तो, लेकराबाळांचा माणूस आहे. मिटवायचं की नाही तो तुमचा निर्णय, शेजारी राहायचं असतं, कळतं. पण पाचशेच्या स्टॅम्पवर "माझी काही तक्रार नाही, सर्व रक्कम मिळाली, अपघात माझ्याच चुकीने झाला" असं जे छापील तयार असतं ना, त्यावर सही म्हणजे क्लेमचा गळाच घोटणं. रोख घेऊ नका, पैसे घेतलेतच तर बँकेतून घ्या आणि कागदावर "उपचाराच्या खर्चापोटी, बाकी हक्क राखून" असं लिहा. लोक अदालतीत तडजोड झाली तर पैसे लवकर येतात हे बरोबर, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून अपंगत्वाचं सर्टिफिकेट हातात यायच्या आधी तिथे आकडा बोलू नका, वर्षभराने प्लेट काढायचं ऑपरेशन निघालं तर त्याचे पैसे कुणी देणार नाही.

निकाल लागल्यावर कंपनीने ३० दिवसात पैसे भरायचे असतात, अर्जाच्या तारखेपासूनचं व्याज धरून. मोठी रक्कम असली की ट्रायब्युनल बराच भाग मुदत ठेवीत घालायला सांगतं, उपचारासाठी मधेच लागले तर अर्ज करून काढता येतात. रक्कम कमी वाटली तर ९० दिवसात हायकोर्टात अपील, मात्र वादातली रक्कम १ लाखापेक्षा कमी असेल तर अपील नाही. पासबुकावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर ते आत्ताच दुरुस्त करून घ्या, निकाल लागूनही त्या एका अक्षरापायी चेक अडकलेले बघितलेत.